सागरतळीचा बंब

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायचा, चिंचेच्या कोळाने लख्ख घासायचा आणि पहाटे अभ्यंगस्नानासाठी पेटवायचा, हा आमच्या घरचा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो. घासता घासता चिंचेचे पाणी हिरवट होई. आई ते तुळशीवृंदावनापासून लांब नेऊन ओती आणि आम्हां मुलांना त्याला हात लावू देत नसे. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिले तर ते कळकते, हेही तिनेच शिकवले. आंबटाची गाठ पडली की धातू भांडे सोडून पाण्यात उतरतो, एवढे रसायनशास्त्र आपल्याकडच्या बायकांना शाळेत न जाताच ठाऊक होते. पुढे मास्तरकी करताना समुद्राचे एक कोडे माझ्यापुढे आले. त्याचे उत्तर या बंबात आणि त्या ताकात असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

कोडे घातले एका विद्यार्थ्याने. भूगोलाच्या तासाला मी सांगत होतो की, नद्या खडक झिजवतात, त्यांतले क्षार वाहून नेतात, म्हणून समुद्र खारट. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "गुरुजी, नद्या रोज भर घालतात, मग समुद्र वर्षागणिक जास्त खारट का होत नाही?" वर्ग हसला. मी त्याला "खाली बस" म्हटले. मला उत्तर येत नव्हते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्याची शंका मोठ्या माणसांच्या पंक्तीतली होती, हे मला फार उशिरा कळले. धूमकेतूमुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या एडमंड हॅलीने १७१५ साली सुचवले होते की, समुद्राचा खारेपणा कसा वाढतो हे मोजत गेल्यास पृथ्वीचे वय काढता येईल. १८९९ साली डब्लिनच्या जॉन जोलीने नद्यांतल्या सोडियमवरून तसा हिशेब मांडला. उत्तर आले आठ ते नऊ कोटी वर्षे! आज पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास धरतात. चूक बेरजेत नव्हती. समुद्राच्या वहीत जमा मांडली होती, पण खर्चाची बाजू जवळजवळ कोरी राहिली होती.

ही वही उलगडायला प्रथम तळ गाठावा लागला. १८७२ च्या डिसेंबरात 'चॅलेंजर' नावाचे इंग्रज जहाज महासागर धुंडाळायला निघाले, ते १८७६ च्या मे महिन्यात परतले. १८७३ च्या फेब्रुवारीत कॅनरी बेटांच्या नैऋत्येस त्याच्या जाळ्यात बटाट्यासारखे काळे गोटे आले. जहाजावरचे रसायनतज्ज्ञ बुकॅनन यांनी त्यांत मँगनीज ओळखले. इतका धातू समुद्राच्या तळाशी आला कोठून? नद्यांनी आणला म्हणावे, तर किनारा दूर राहिलेला. तळाशीच काही घडत असावे अशी शंका पुढे अनेकांना आली, पण पाहणार कोण?

पहिला धागा तांबड्या समुद्रात सापडला. १९४८ साली स्वीडनच्या 'अल्बाट्रॉस' जहाजाला तेथे खोलवर नेहमीपेक्षा ऊन आणि खारट पाणी आढळले. १९६५ च्या सुमारास इतर जहाजांनी तेच पाणी मोजले, तेव्हा तापमापक ५६ अंशांपर्यंत चढला, आणि खालचा चिखल तर लोखंड, तांबे, जस्त यांनी भरलेला निघाला. पुढे १९७७ च्या फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळ 'अल्विन' ही छोटी पाणबुडी अडीच हजार मीटर उतरली आणि माणसाने उन्हाळ्याचे झरे प्रथमच सागरतळी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याभोवती, सूर्याचा किरण कधी न पोचणाऱ्या काळोखात, शिंपल्यांची आणि लांब कृमींची गजबजलेली वस्ती होती! दोन वर्षांनी, १९७९ साली, मेक्सिकोच्या पश्चिमेस तीच पाणबुडी गेली. तेथे धुराड्यांतून काळाकुट्ट धूर उसळत होता. धुरात घातलेल्या तापमापकाची दांडी वितळून बाहेर आली. नव्या उपकरणाने मोजले, तर पाणी साडेतीनशे अंशांच्या वर.

वाचकहो, हाच तो बंब! फरक एवढाच, की आपल्या बंबाच्या धुराड्यातून धूर जातो आणि पाणी भोवती असते. येथे धुराड्यातून पाणीच वर येते. समुद्राचे थंड पाणी तळाच्या भेगांतून खाली मुरते. खाली लाव्ह्याची ऊब असते. वरच्या पाण्याचा भार एवढा, की चारशे अंशांच्या जवळ जाऊनही ते उकळत नाही. या वाटेत पाणी आपले मॅग्नेशियम खडकाला देऊन टाकते आणि स्वतः आंबट होते. मग ताकाने पातेल्याचे जे करावे तेच ते खडकाचे करते. लोखंड, मँगनीज, तांबे, जस्त ओढून घेते आणि सुसाट वर धावते. वर दोन अंशांचे थंडगार पाणी भेटले की धातू आणि गंधक यांचे काळे कण क्षणात थिजतात. तोच तो धूर, आणि त्यातूनच धुराडी रचली जातात.

विद्यार्थ्याच्या शंकेचे एक उत्तर येथे मिळते. नद्यांनी आणलेले मॅग्नेशियम समुद्र या भट्टीत खर्ची टाकतो आणि बदल्यात धातू घेतो. हा देवघेवीचा व्यवहार आहे. हे धातू जागच्या जागी राहतात असेही नाही. दक्षिण प्रशांत महासागरात अशा झऱ्यांचे लोह चार हजार किलोमीटरांवर पोचल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आणि लोहाच्या कणाकणावर समुद्रातली सूक्ष्म वनस्पती जगते.

बंब विझला म्हणजे मात्र दुसरी गोष्ट सुरू होते, आणि खरी काळजीची ती आहे. झरा थंडावला की गंधकी खनिजांचे ढिगारे मागे राहतात. त्यांत आपल्या वैद्यांच्या ओळखीचे सुवर्णमाक्षिकही असते. तांबे, लोखंड आणि गंधक यांचे ते खनिज. समुद्राच्या पाण्यातला प्राणवायू त्यांना लागतो, ती गंजतात, आंबटपणा सुटतो आणि तांबे-जस्त पाण्यात उतरू लागते. दोन वेगळी खनिजे चिकटून असली, तर त्यांची जणू विजेची बॅटरी बनते आणि त्यांतले एक अधिकच झपाट्याने झिजते. पण निसर्गाने येथे कल्हईही करून ठेवली आहे. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने ते आंबटपणा मारते, आणि गंजलेल्या लोहाचा तांबडा थर ढिगाऱ्यावर बसून सुटलेले बरेचसे धातू धरून ठेवतो. अटलांटिकच्या मध्यावरील 'टॅग' नावाच्या ढिगाऱ्यावर अशी तांबडी माती आहे आणि तीत तांब्याचे हिरवे क्षार सापडतात. आमच्या चिंचेच्या पाण्याचाच तो रंग!

माणूस आता हे ढिगारे खणू पाहतो. खणणे म्हणजे दळणे. अखंड दगडाचे पीठ झाले की पाण्याला लागणारे अंग शेकडो पटींनी वाढते. थराची कल्हई खरवडली जाते आणि धातू पूर्वीपेक्षा वेगाने सुटतात. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात सोळाशे मीटर खोलीवर खणण्याचा परवाना २०११ साली दिला गेला होता. एक दगडही विकला जाण्यापूर्वी, २०१९ साली, ती कंपनी बुडाली. चॅलेंजरच्या गोट्यांची गोष्ट थोडी निराळी. प्राणवायू असलेल्या पाण्यात ते आपले धातू घट्ट धरून बसतात, आणि दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. मात्र त्यांच्याखालचा चिखल ढवळला तर काय होते? १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या तळावर नांगर ओढून पाहिला. २०१५ साली परत जाऊन पाहिले, तर नांगराचे तास जसेच्या तसे.

हा प्रश्न परक्यांचा नाही. १९८१ च्या २६ जानेवारीला 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्रातून पहिले गोटे काढले. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते काम. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर अशा गोट्यांचा शोध घेण्याचा करार भारताने २००२ साली केला. गंधकी ढिगाऱ्यांच्या शोधासाठी २०१६ साली आणखी १०,००० चौरस किलोमीटरांचा. तांबे, निकेल, कोबाल्ट देशाला हवे आहेत, आणि त्यासाठी झटणाऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण वहीत पुन्हा जमेचीच बाजू मांडली जाऊ नये, एवढे म्हणण्याचा अधिकार मास्तराला खचित आहे. जोलीसारख्या विद्वानाचा हिशेब त्यानेच चुकला होता.

यंदाही बंब घासला. आई आता नाही, सूनबाईने घासला. हिरवट पाणी ओतायला ती अंगणाच्या कडेला गेली, तशी मला मागच्या बाकावरच्या त्या मुलाची आठवण झाली. तो आज कोठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर त्याला आधी बसायला सांगेन, मग सगळे सांगेन, आणि शेवटी त्यालाच एक शंका विचारीन. अंगणातले पाणी आपण तुळशीपासून लांब नेऊन ओततो. समुद्राच्या तळाचे पाणी लांब कोठे नेऊन ओतायचे, बाबा?