सिमिली, मेटाफर आणि बहिणाबाईंचा तवा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेतील अलंकार ओळखण्याचा प्रश्न आला की खानदेशातील अनेक विद्यार्थी सिमिली आणि मेटाफर यांत गोंधळतात. वस्तुतः हे दोन्ही अलंकार त्यांच्या अंगणातले आहेत.

जळगावजवळील आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली लेवा गणबोलीतील गाणी पुत्र सोपानदेवांमुळे कागदावर उतरली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तोवर ज्या बोलीला गावंढळ म्हटले जाई, तिच्यातच अलंकारांची खाण होती. संसाराला त्या चुलीवरच्या तव्याची उपमा देतात. तेथे ‘जसा’ हा साम्यवाचक शब्द स्पष्ट येतो, हीच सिमिली. मनाला मात्र त्या उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हणतात. येथे सारखेपणा दाखवणारा शब्दच नाही, मन आणि ढोर एकरूप झाले आहेत. म्हणून ते रूपक, अर्थात मेटाफर. ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा, हे मराठीच्या तासाला लक्षात ठेवावे. इंग्रजीत तिला सहसा वेगळे नाव देत नाहीत. सुगरणीच्या खोप्याचे उदाहरण देऊन माणसाला त्याच्या दोन हातांची आठवण करून देणारी त्यांची रचना दृष्टांताचा उत्तम नमुना होय.

निर्जीवाला किंवा मानवेतराला माणसाचे गुण देणे म्हणजे चेतनगुणोक्ती, इंग्रजीतील पर्सॉनिफिकेशन. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. त्यांच्या ‘फुलराणी’त कळी नववधू होते आणि सूर्यकिरण नवरदेव. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला.

कथेच्या घटकांत कथानक, पात्रे, स्थलकाल आणि संघर्ष यांची ओळख बहुतेकांना असते. निवेदक मात्र निसटतो. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे आश्रमातील मित्रांना रात्री गोष्ट सांगणारा श्याम हा निवेदक आहे. गोष्टीतील आठवणी गुरुजींच्या असल्या तरी. (याच गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली. बोललेला शब्द टिकवणारे हात खानदेशाला वारंवार लाभले.) भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त, १९६३ मध्ये, पांडुरंग सांगवीकर स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. हे प्रथमपुरुषी निवेदन होय.

उत्तर लिहिताना केवळ अलंकाराचे नाव देऊन थांबू नये. कशाची तुलना कशाशी झाली आणि त्याने अर्थ कसा खुलला, हे एका वाक्यात लिहावे. तव्याच्या उदाहरणात उत्तर असे होईल: आधी हाताला चटके, मग भाकर, संसारातही सुखाआधी कष्ट येतात.