रिकाम्या घरातला बाइट

जुन्या सॉफ्टवेअरचे रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे त्याची नव्याने उभारणी, असा समज सर्रास आढळतो. संशोधक चिकोफ्स्की आणि क्रॉस यांनी १९९० सालीच हे वेगळे करून दाखवले होते: घटक आणि त्यांचे परस्परसंबंध ओळखायचे, ते वेगळ्या रूपात मांडायचे, मूळ प्रणालीला हात लावायचा नाही. इंटरफेसच्या बाबतीत हा भेद सुटला की नवी स्क्रीन हुबेहूब जुन्यासारखी दिसते आणि तरी चुकते.

आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकाला जोडले जाणारे १९७१चे ३२७० टर्मिनल घेऊ. नेहमीची स्क्रीन २४ ओळी आणि ८० स्तंभांची, म्हणजे १,९२० घरांची. माहितीच्या प्रत्येक रकान्याच्या आरंभी एक गुणधर्म-बाइट असतो. तो एक घर अडवतो, पण दिसतो कोरा. रकान्यात लिहिता येते का, फक्त आकडेच चालतात का, मजकूर दाखवायचा की लपवायचा, रकाना बदलला आहे का, हे सारे त्या कोऱ्या घरात नोंदलेले असते. म्हणून स्क्रीनचे छायाचित्र हा माझ्या मते पुरावाच नव्हे. मेनफ्रेमकडून आलेला डेटाप्रवाह वाचावा लागतो.

या कोरेपणातही दोन जाती आहेत. ऑपरेटरने नाव टाकले, बाणाच्या कळीने एक घर ओलांडले आणि आडनाव टाकले. डोळ्यांना मध्ये जागा दिसते; पण ते घर शून्य-बाइटाचे असते आणि एंटर दाबल्यावर शून्य-बाइट पाठवले जात नाहीत. मेनफ्रेमला नाव-आडनाव जोडूनच मिळते. स्पेसबार दाबला असता तर जागा टिकली असती.

बदललेलेच रकाने परत पाठवायचे, हा नियमही फसवा आहे. प्रोग्राम स्वतःच ‘बदलला’ ही खूण लावून एखादा लपवलेला रकाना दर वेळी परत मागवू शकतो. दोन व्यवहारांमधली स्मृती अशी स्क्रीनवरच ठेवलेली असते. ती वगळून काढलेला आराखडा लंगडा ठरतो.

एका स्क्रीनवरून दुसरीवर कसे जायचे हे मांडताना एकेक स्क्रीन म्हणजे बिंदू आणि कळ म्हणजे रेषा, असा आलेख बहुतेक जण काढतात. पण शीर्षक सारखे असलेल्या दोन स्क्रीन दोन वेगळ्या अवस्था असू शकतात. शिवाय नोंदवलेल्या वापरात वर्षअखेरीच्या कामाची वाट क्वचितच सापडते. ती मूळ प्रोग्रामातच शोधावी लागते.

कळफलकाचे कुलूप तर कोणत्याच आलेखात येत नाही. एंटर दाबताच कळफलक बंद होतो आणि मेनफ्रेमने मोकळा केल्यावरच चालतो. नव्या वेबपानावर ‘जमा करा’ हे बटण घाईत दोनदा दाबले आणि रक्कम दोनदा वळती झाली, तर हरवलेला नियम हाच असतो.