शीळ कुठून येते?

मंडळी, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य शत्रूच्या टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकत असे. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा आणि रिसीव्हर कानाला लावून बसायचं. पण कित्येकदा ऐकू येई ती शीळ! उंच सुरातून खाली घसरत जाणारी. शिपाई म्हणत, तोफगोळे उडताहेत. हाइन्रिख बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये त्यावर लिहिलं.

ऐकणाऱ्यांच्या लेखी तो निव्वळ गोंगाट. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे थबकतो. गोंगाट म्हणजे काय, तर आपण जे ऐकायला बसलेलो नाही ते. (आपल्या वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं, म्हणून लगेच 'त्यांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणू नका. ह्या रेडिओ लहरी. कानाला कळतो तो यंत्राने केलेला त्यांचा आवाज.)

१९३५ मध्ये एकर्स्ली यांनी गणिताने दाखवलं की चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतभारित वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून, जाताना या लहरींतले वरचे सूर पुढे पोचतात, खालचे रेंगाळतात. वीज कडाडते क्षणभर, पोचताना तिची शीळ होते. मग एवढं रेंगाळायला वाट किती लांब हवी? केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये उत्तर दिलं: लहर चुंबकीय क्षेत्ररेषा धरून हजारो किलोमीटर वर जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. म्हणजे तिथवर पुरेसे इलेक्ट्रॉन हवेतच, आणि तेवढे कुणी धरलेले नव्हते. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती, बरं का!

पण सगळेच आवाज विजेचे नव्हेत. पहाटे पाखरांच्या किलबिलाटासारखे चढते सूर येतात, त्यांना 'कोरस' म्हणतात. ते प्लाझ्मातच जन्मतात. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतात. पुढे सरकण्यापेक्षा गिरकीत जोर जास्त असला आणि गिरकीचा ताल लहरीशी जुळला, की ते आपली ऊर्जा लहरीला देतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा द्यावा तशी लहर फुगते. देवाणघेवाण उलटीही होते. २०१२ मध्ये गेलेल्या 'व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज' यानांच्या नोंदींतून दिसलं, की हाच कोरस काही इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला नेतो. आणि असले इलेक्ट्रॉन आपल्या उपग्रहांची यंत्रणा बिघडवू शकतात.