दुसरी वाट
प्रकाशतंतूंच्या एकमेकांना जोडलेल्या जाळ्यांत संदेशाने कोणत्या वाटेने जायचे, हे आधी हिशेब करून ठरवावे लागते. जाळे एकाच मालकीचे असेल तर हे काम आवाक्यातले आहे. डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत बसवली, १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आजही वापरात आहे. सगळा नकाशा हाती असणे ही तिची मुख्य अट.

प्रकाशाच्या वाटेला आणखी बंधने असतात. भारतात पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली, ती स्थानिक एक्स्चेंजे जोडण्यापुरती. पुढे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश जाऊ लागला आणि वाटेबरोबर तरंगलांबीही निवडावी लागली. ती मध्येच बदलण्याची सोय नसेल, तर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तीच मोकळी हवी. शिवाय चांगल्या तंतूतही प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल क्षीण होतो, म्हणून वाटेची लांबीही पाहावी लागते.

जाळ्यांचे मालक दोन झाले की नकाशा अपुरा पडतो. जुने उदाहरण घ्या: इंग्रजी अमदानीत जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते, तर शेजारचा मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा. हद्द ओलांडली की अंमल बदले. दूरसंचार कंपन्यांचेही तसेच आहे; आपल्या जाळ्याची आतली रचना त्या शेजाऱ्याला दाखवत नाहीत. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २००६ मध्ये यावर ‘पाथ कॉम्प्युटेशन एलिमेंट’ची रचना मांडली. प्रत्येक हद्दीत मार्ग काढणारा एक जाणकार, असे तिचे स्वरूप. २००९ साली आलेली रीत मुक्कामापासून मागे चालते. शेवटच्या हद्दीतला जाणकार आपल्या प्रत्येक वेशीपासून मुक्कामापर्यंतचा खर्च काढून मागच्या हद्दीला कळवतो. ती त्यात आपला खर्च मिळवून आणखी मागे पाठवते. आतली वाट उघड न करता तिची नुसती खूण देण्याची सोयही त्याच वर्षी झाली. कोणकोणत्या हद्दींतून जायचे हे मात्र आधी ठरलेले असावे लागे. ते ठरवणारा वरचा जाणकार २०१२ च्या रचनेत आला.

आता स्वतः तालुका असलेल्या मोखाड्यासारख्या डोंगरी भागात वाट काढण्याच्या आधीचाच एक प्रश्न उभा राहतो: वाटा दोन आहेत का? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. तिची मूळ मांडणी बहुतांशी झाडासारखी होती. झाडात पानापर्यंत एकच वाट असते; फांदी तुटली की पान सुटते, आणि कितीही हुशार गणना तिथे निरुपयोगी ठरते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच रिंगची मांडणी स्वीकारली गेली. रिंग एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने गाव जोडलेले राहते.

पण रिंगच्या दोन्ही बाजू घाटात एकाच चरातून गेल्या असतील, तर एका दरडीने किंवा जेसीबीच्या एका फटक्याने दोन्ही तुटतात. हा धोका नियमांनाही माहीत आहे. एकत्र तुटू शकणाऱ्या दुव्यांना एकाच गटाचा क्रमांक देण्याची तरतूद आयईटीएफच्या २००५ च्या मानकात आहे. तो क्रमांक भरायचा तर चर खरोखर कुठून गेला, हे खोदणाऱ्यांनी नोंदवावे लागते. मोखाड्याच्या घाटांत रिंग पुरी करताना ही नोंद व्हायलाच हवी. ती नसेल तर गणना करणाऱ्या यंत्राला एकाच चरातल्या दोन तारा दोन वाटा वाटतील.