डावा आवाज कुठे गेला?

पनवेलला आमचे एक शिक्षक मित्र राहतात. त्यांच्याकडे १९८५च्या सुमारास घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून घरच्या भजनापर्यंत त्याने इमानेइतबारे चाकरी केली. गेल्या पावसाळ्यात त्याची डावी बाजू बिघडली. ती अगदी बंद पडली नाही. पण आवाज बारीक झाला आणि त्यातला भरीवपणा गेला. उजवीकडे डग्गा घुमत होता, डावीकडे नुसतीच झांज किणकिणत होती. एका कारागिराने डाव्या बाजूचे दोन मोठे ट्रान्झिस्टर बदलले, तरी फरक पडला नाही. शेवटी 'भंगारात घाला' असा सल्ला मिळाला.

आम्हालाही प्रथम वाटले, की खाडीकाठचे गाव, कोकणचा पाऊस आणि दमट हवा. कुठेतरी गंज चढला असणार. आमचा हा तर्क साफ चुकला. का चुकला ते कळायला थोडे मागे जावे लागेल. ही पेटी एका माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्यात अनेकांचे शोध एकावर एक रचलेले आहेत, आणि प्रत्येक शोधाबरोबर बिघाडाची एक नवी जागाही आली आहे.

क्षीण विद्युतसंदेश मोठा करू शकणारी तीन अग्रांची निर्वात नळी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बनवली. अशाच, पण सुधारलेल्या नळ्यांच्या बळावर १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को दूरध्वनी सुरू झाला. वाटेत क्षीण होणारा आवाज टप्प्याटप्प्यावर पुन्हा मोठा करायचा, अशी ती युक्ती होती. पण नळी आवाज मोठा करताना तो थोडा वेडावाकडाही करी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले, की अक्षर बिघडत जाते, तसेच हे. नळी निर्दोष करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले, पण यश येईना.

बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंता हॅरल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. नावेतच त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यांनी ते खरडून ठेवले. त्यांची कल्पना अशी: नळी सदोष आहे, तर असू द्या. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा लहानसा अंश मागे आणा आणि तो मूळ आवाजातून वजा करा. कित्ता गिरवणारे मूल आपले अक्षर कित्त्याशी ताडून पाहते आणि हात सुधारते, तसाच हा प्रकार. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. यात आवाजाची वाढ पुष्कळच घटते, पण शुद्धता मिळते. मुद्दाम वाढ घालवायची, ही गोष्ट त्या काळी इतकी विचित्र वाटली, की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

या शोधाचा एक परिणाम आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. फीडबॅक असलेल्या ॲम्प्लिफायरची वाढ मुख्यतः नळीवर किंवा ट्रान्झिस्टरवर ठरत नाही. ती मागे येणाऱ्या वाटेवरच्या दोन रोधांवर ठरते. आमच्या मित्राच्या पेटीत ते २२,००० आणि ६८० ओहम होते. पहिल्याला दुसऱ्याने भागून एक मिळवला, की सुमारे ३३ पट ही वाढ मिळते.

दुसरा शोध इंग्लंडमधला. पडद्यावर नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, ही विसंगती ॲलन ब्लमलाइन यांना खटकत होती. १९३१ साली त्यांनी दोन वाटांनी आवाज टिपण्याच्या आणि ऐकवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते स्वतः १९४२ साली रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून वारले. स्टिरिओ तबकड्या बाजारात स्थिरावल्या त्या १९५८पासून. मधल्या काळात, १९४७च्या डिसेंबरात, ट्रान्झिस्टर आला आणि पुढे त्याने नळ्यांची जागा घेतली. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' आला तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रपटगृहात लोकांनी स्टिरिओची करामत अनुभवली. रेडिओ-ॲम्प्लिफायरचे सुटे भाग मिळण्याचे मोठे ठिकाणही तोच रस्ता.

ब्लमलाइन यांनी दोन वाटा दिल्या त्या कानांसाठी. पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यामुळे एक अनपेक्षित देणगी मिळाली: एकाच पेटीत दोन हुबेहूब जुळी भावंडे. एक आजारी पडले, की दुसऱ्याकडे पाहून निरोगी प्रकृती कशी असते ते कळते.

आम्ही याच देणगीचा उपयोग केला. प्रथम टेपकडून येणाऱ्या वायरी अदलाबदल केल्या. दोष डावीकडेच राहिला. म्हणजे टेप निर्दोष. मग स्पीकर अदलाबदल केले. दोष डाव्या वाटेवरच राहिला. म्हणजे स्पीकरही निर्दोष. आता पेटी उघडून मीटरने दोन्ही बाजूंच्या ट्रान्झिस्टरांवरचे डीसी व्होल्टेज जोडीजोडीने ताडून पाहिले. सगळे आकडे जुळले! क्षणभर आम्ही गोंधळलो. पण हेच खरे उत्तर होते. डीसीला न दिसणारा आणि आवाजाला मात्र भोवणारा भाग कोणता? कंडेन्सर, म्हणजे आपले पाठ्यपुस्तकातले धारित्र.

फीडबॅकच्या वाटेवर त्या ६८० ओहमांच्या रोधाला जोडून ४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर होता. पेटी बंद करून त्याला समांतर दुसरा चांगला कंडेन्सर जोडला, पेटी सुरू केली आणि डावा डग्गा घुमू लागला. जुना काढून मोजला, तर धारिता जेमतेम ०.१ मायक्रोफॅरड उरली होती. शेजारच्या तापणाऱ्या पत्र्यामुळे त्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत गेला होता. तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते. आम्ही ओलाव्याला दोष देत बसलो होतो; दोष निघाला कोरडेपणाचा!

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना १/(२πRC) हे सूत्र वापरून पडताळा घेता येईल. वाढ ज्या कंप्रतेखाली घटू लागते ती ५ हर्ट्‌झवरून सुमारे २,३०० हर्ट्‌झवर गेली होती. १०० हर्ट्‌झच्या आसपास ३३ पट वाढीऐवजी दुप्पटही उरली नव्हती. म्हणून डग्गा गेला, झांज राहिली. बदललेले ट्रान्झिस्टर बहुधा धडधाकट होते. ते कित्त्याप्रमाणेच गिरवत होते; बिघडला होता तो कित्ता.

पेटी उघडणे मात्र मुलांचे काम नाही. आत २३० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर काही काळ भारित राहतात. वर्गात त्याऐवजी दोन सारख्या बॅटऱ्या घ्या. एकीत गुपचूप उतरलेला सेल किंवा गेलेला बल्ब घाला, आणि मुलांना सांगा: एका वेळी एकच भाग अदलाबदल करायचा, आणि करण्यापूर्वी काय होईल ते वहीत लिहायचे. आमचे मित्र आता हा तास दरवर्षी घेणार आहेत. सुकलेला कंडेन्सर त्यांनी टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे.