गाठीचा पैसा: सातारा-सांगलीतील घरगुती बचतीचा इतिहास

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे, संस्थानी मुलूख वगळता, १९४९ पर्यंत एकाच जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सरकारी नकाशा असा बदलत गेला, तरी या मुलखाची खरी वाटणी पावसाने केलेली आहे. कृष्णा-कोयनेच्या काठावर बागायत आणि ऊस, तर पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत पावसाच्या भरवशावरची ज्वारी-बाजरी, मेंढपाळी आणि मजुरी. अशा घरात मिळकत सुगीला, आठवडी बाजाराला किंवा मजुरीच्या दिवशी येते आणि खर्च मात्र रोजचा असतो. त्यामुळे येथील गरीब घरांच्या बचतीचा इतिहास पाहताना किती शिल्लक राहिली यापेक्षा ती शिल्लक कोठे ठेवली गेली, हे अधिक बोलके ठरते. कारण हाताशी असलेला पैसा घरातल्या निकडीने, सावकाराच्या तगाद्याने किंवा दारूच्या व्यसनाने संपतो, आणि फार दूर ठेवलेला पैसा अडीनडीला उपयोगी पडत नाही.

नाणे दुर्मीळ होते तोवर बचत धान्याची होती. ज्वारी कणगीत, म्हणजे बांबू किंवा तुरकाट्यांच्या विणलेल्या आणि शेणामातीने लिंपलेल्या कोठारात, अथवा पेवात, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या खोल खड्ड्यात साठवली जाई. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे हा त्याच तंत्राचा व्यापारी अवतार. पेव एकदा उघडले की धान्य लवकर उपसावे लागे, म्हणून ते सहसा उघडले जात नसे, आणि हीच त्याची बचतीच्या दृष्टीने मोठी सोय होती. रोजच्या पातळीवर स्वयंपाकाला घेतलेल्या पिठा-धान्यातून एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकण्याची रीत होती. या रितीला सार्वजनिक रूप दिले ते भाऊराव पाटील यांनी. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि ते चालवण्यासाठी घरोघरच्या मूठभर धान्याचा मुष्टिफंड उभा केला. पैसा न देऊ शकणारे घरही धान्याची एक मूठ देऊ शकते, या साध्या हिशेबावर तो फंड उभा होता. मात्र धान्य कमी पडे तेव्हा घरच्या दागिन्यांवर पाळी येई. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही घटना सर्वश्रुत आहे.

दागिना हे या भागातील बचतीचे दुसरे रूप होते. डोरले, बोरमाळ, पुतळ्यांची माळ हे लेणे असले, तरी दुष्काळात ते सराफाकडे गहाण टाकता येई आणि सुगीला सोडवून आणता येई. सोन्याशी या मुलखाचे नाते आणखी एका धंद्याने जोडले. खानापूर, आटपाडी आणि लगतच्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे गलाईच्या व्यवसायात शिरली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून, त्यातील हीण काढून धातू शुद्ध करण्याचे काम. दुष्काळी गावांतून निघालेले हे कारागीर देशभरातील सराफ बाजारांत पसरले आणि त्यांच्या कमाईतून खानापूर तालुक्यातील विट्याच्या परिसरातील घरे, शेते आणि मंदिरे उभी राहिली. ज्यांच्याकडे सोने नव्हते त्यांची शिल्लक गोठ्यात असे. शेळी, मेंढी, कोंबड्या आणि अंडी ही बाईमाणसाच्या ताब्यातील मत्ता होती. अंड्यांवर मीठ-मिरचीचा खर्च भागे आणि बोकड विकून शाळेची फी किंवा दवाखान्याचे बिल चुकते होई. या बचतीला पिले होत, म्हणजे व्याज मिळे. पण चारा संपला की सगळ्या गावाची जनावरे एकाच वेळी बाजारात येत आणि भाव कोसळे, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वर्षीच ती पुरी पडत नसे.

तो खड्डा सावकाराच्या कर्जाने भरला जाई. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कर्जखते जाळणारे दंगे झाल्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि तो पुणे, अहमदनगर, सोलापूर यांच्याबरोबर साताऱ्यालाही लागू केला. कर्जाच्या व्यवहाराची पाळेमुळे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. त्याच सुमारास टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डर आणि १८८२ मध्ये बचत बँक सुरू केली. मनिऑर्डरीने या भागाचे अर्थकारण बदलले, कारण मुंबईच्या कापड गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांत रत्नागिरीबरोबर सातारा होता. एका गावचे गिरणी कामगार एकाच खोलीत दाटीवाटीने राहत, खाणावळीत महिन्याच्या हिशेबावर जेवत आणि भाडे व जेवण वजा जाता उरलेली रक्कम गावी धाडत. म्हणजे बचत मुंबईत होई, तर ती पुरवून वापरण्याची जबाबदारी गावातल्या बाईवर येई. आधी दुकानदाराची उधारी, मग बी-बियाणे, मग सणवार, असा क्रम ठरलेला असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा ओघ आटला आणि असंख्य कामगार कायमचे गावी परतले.

संघटित वित्तसंस्था या भागात उशिरा आल्या असे म्हणता येत नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. सांगली बँक १९१६ ची. परंतु विम्याचा हप्ता आणि बँकेतील ठेव या गोष्टी नियमित पगार किंवा व्यापार असलेल्या घरांना परवडत. रोजगारावर जगणाऱ्या बाईला त्या संस्थांची पायरी चढण्याचे कारण नव्हते. तिच्या हातात राहिली ती भिशी. भिशीत ठरावीक सभासद दरमहा ठरावीक रक्कम भरतात आणि जमलेली एकूण रक्कम चिठ्ठी टाकून दर महिन्याला एकेकीला दिली जाते. बारा जणींनी पाचशे रुपये भरले तर प्रत्येकीला वर्षातून एकदा सहा हजार मिळतात. पहिली चिठ्ठी लागलेलीला ते बिनव्याजी कर्ज ठरते, शेवटचीला बिनव्याजी बचत. लिलाव भिशीत गरजू सभासद काही रक्कम सोडून भिशी आधी उचलते आणि सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. भिशीची ताकद लाजेत आहे: घरात मागणाऱ्याला ‘पैसे नाहीत’ म्हणणे अवघड, ‘भिशी भरायची आहे’ म्हणणे सोपे. तिचा दोषही त्यातूनच येतो, कारण विश्वासाखेरीज तिला तारण नसते आणि भिशी चालवणाराच पसार झाला तर दाद मागण्याची वाट अरुंद राहते.

दुकानदार आणि फेरीवाल्यांसाठी तीच गरज पिग्मी ठेवीने भागवली. १९२८ मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेने सुरू केलेल्या या पद्धतीत एजंट रोज दारात येऊन लहान रक्कम घेऊन जातो, आणि सातारा-सांगलीच्या बाजारपेठांत सहकारी पतसंस्थांनी ती रुजवली. दाराशी येणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे जड जाते, त्यामुळे ठेव वाढत जाते. मात्र बँकांतील ठेवींना विमा संरक्षण आहे, २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे, तसे पतसंस्थांतील ठेवींना नाही. म्हणून संचालकांनी आपल्याच गोतावळ्यात कर्जे वाटली की बुडणारा पैसा रोज शंभर-दोनशे बाजूला काढणाऱ्यांचा असतो.

या सगळ्या पद्धतींतील गुण एकत्र करण्याचा प्रयत्न बचत गटांनी केला. १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँका जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. दहा ते वीस जणींचा गट, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, जमलेल्या पैशातून सभासदांनाच कर्ज आणि सर्वांसमोर लिहिलेला हिशेब, अशी त्याची घडण आहे. याच काळात माण तालुक्यातील म्हसवड येथे एका वेगळ्या संस्थेची पायाभरणी झाली. लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी छपरासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायला पैसे साठवायचे होते. इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँकेने नकार दिला. त्यातून सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी तालुक्यातील स्त्रियांसह सहकारी बँक काढण्याचा प्रस्ताव मांडला. प्रवर्तक स्त्रिया अंगठेबहाद्दर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. स्त्रिया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि कोणत्याही मुदलाचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तोंडीच काढू द्या, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पासबुक घरी नेले की शिल्लक पुरुषांच्या नजरेस पडते, अशी तक्रार खातेदारांनी केली तेव्हा बँकेने पासबुकाऐवजी कार्डाची सोय केली आणि कर्मचारी दारापर्यंत पाठवले. पेवाचा बंद तोंडाचा गुण आणि पिग्मीची दारातली वसुली येथे एका कायदेशीर बँकेत एकत्र आली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने डब्यांत आणि गोधड्यांत लपवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा सर्वांसमोर आल्या, आणि लपवणे हाच ज्या बचतीचा आधार होता ती एका रात्रीत उघडी पडली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये थेट स्त्रियांच्या खात्यांत येऊ लागले. खाते बाईच्या नावे असले, तरी त्याचा संदेश ज्या मोबाईलवर येतो तो आणि खात्याचा गुप्त क्रमांक कोणाकडे आहे, यावर ती रक्कम तिची बचत ठरते की घरखर्चात विरून जाते हे ठरेल. दीड शतकाच्या या वाटचालीत गरिबाला काटकसर शिकवणाऱ्या संस्थांपेक्षा त्याच्या मिळकतीच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणाऱ्या आणि शिल्लक मालकाच्याच ताब्यात ठेवणाऱ्या संस्था टिकाव धरून राहिल्या. काटकसर त्या घरांत आधीपासून होतीच.