चाकणचा वेढा आणि विद्यापीठातील युद्धशास्त्र

पुण्याहून नाशिकच्या वाटेने निघालेला प्रवासी भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडतो आणि थोड्याच वेळात चाकणला पोचतो. आज या गावाची ओळख मोटारींच्या कारखान्यांची. पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्यावर बसगाड्यांची जी रांग लागते, तिच्यात बसलेल्या हजारो माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, गावातच एक किल्ला आहे? तटाचे काही अवशेष, एखाददुसरा बुरूज आणि खंदकाच्या खुणा, एवढेच त्याचे आज उरले आहे. नाव मात्र मोठे आहे, संग्रामदुर्ग. आणि ते नाव या किल्ल्याने सार्थ केले ते १६६० च्या पावसाळ्यात.

फिरंगोजी नरसाळ्याची कथा मराठी मुलांना शाळेत सांगितली जाते. या लेखात तीच कथा पुन्हा सांगावयाची आहे, पण थोड्या निराळ्या हेतूने. शौर्याच्या कथेत अभ्यासाचा विषय कोठे दडलेला असतो, आणि तो अभ्यास स्वतंत्र भारतात कोणी, कोठे, कसा हाती घेतला, हे पाहावयाचे आहे.

औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला. त्या वेळी शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले होते. एका बाजूला विजापूर, दुसऱ्या बाजूला दिल्ली, असा तो कात्रीत सापडण्याचा प्रसंग. चाकण हे पुणे आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या वाटेवरचे ठाणे. ते मराठ्यांच्या हाती राहिले तर उत्तरेकडून मोगलांना येणारी रसद सुरक्षित नाही, हे खानाने ओळखले. २१ जूनला त्याच्या फौजा चाकणपाशी येऊन ठेपल्या.

किल्ला भुईकोट. त्याच्या पाठीशी ना डोंगर, ना कडा, ना जंगल. सभोवार खंदक, तट आणि बुरूज, एवढाच त्याचा आधार. आत फिरंगोजी आणि त्याची थोडकी शिबंदी. बाहेर तोफखान्यासह बादशाही सैन्य. पण पाऊसही याच दिवसांत सुरू झालेला. चिखलात मोर्चे बांधायचे, भिजलेली दारू वाळवायची, वरून किल्ल्यातला मारा सोसायचा, अशा हालांत मोगलांचे दिवस जाऊ लागले. १२ जुलैच्या रात्री महाराज पन्हाळ्याहून निसटले, तरी चाकणला मदत धाडता येईल अशी स्थिती नव्हतीच. फिरंगोजी एकटाच लढत राहिला. अखेर मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून ते एका कोपऱ्यातल्या बुरुजाखाली नेले. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला. बुरूज त्यावरील माणसांसह आकाशात गेला. तरीही खिंडाराच्या आत मराठे उभेच होते. रात्र तशीच गेली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला मोगलांच्या हाती पडला. मोगली बाजूचा आकडा २६८ ठार आणि ६०० जखमी असा आहे. फिरंगोजीचे शौर्य पाहून खानाने त्याला बादशाही चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली आणि तो महाराजांकडे परत गेला.

२१ जून ते १५ ऑगस्ट. दोन्ही दिवस धरून मोजले तर ५६ भरतात.

आपल्याकडे कथा सामान्यतः येथे संपते. श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात, कथेकरी पोथी गुंडाळतो आणि मंडळी घरी जातात. परंतु सेनापतीच्या दृष्टीने खरे प्रश्न येथूनच सुरू होतात. किल्ला पडला तो कशामुळे? सुरुंगाला उत्तर काय? खंदकात पाणी कोठवर होते? ५६ दिवस पुरेल एवढे धान्य आणि दारू आत कोणी, केव्हा भरली होती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या ५६ दिवसांच्या मोबदल्यात स्वराज्याला काय मिळाले?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुढल्या घटनांत मिळते. मोगलांच्या एवढ्या फौजेचा अर्धा पावसाळा एका भुईकोटापुढे खर्ची पडला. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये खानाचा सरदार कारतलबखान चिंचवड, तळेगाव, वडगाव या वाटेने कोकणात उतरू लागला, तेव्हा उंबरखिंडीत महाराज त्याची वाट पाहत होते. ज्या वाटेने आज मुंबईची आगगाडी धावते, साधारण त्याच वाटेने तो गेला आणि घाटात कोंडला गेला. ५ एप्रिल १६६३ ला खुद्द शाहिस्तेखानावर लाल महालात छापा पडला. चाकणला जो शत्रू भुईवर अंगावर घेतला होता, त्याला पुढे आपल्याला सोयीची जागा आणि वेळ निवडून गाठले गेले. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. पराभवातून हिशेब मांडणाऱ्या माणसाची ही चाल आहे.

हा हिशेब मांडण्याची परंपरा आपल्यात अगदीच नव्हती, असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर जे प्रकरण आहे, ते अनुभवाने शहाण्या झालेल्या कारभाऱ्याचे शास्त्र आहे. गड कोठे बांधावा, पाण्याची सोय आधी कशी पाहावी, शिबंदी कशी ठेवावी, याचा तेथे रोखठोक विचार आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला, तो याच जातीचा. १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत आलेल्या त्या अभ्यासात हळहळ आहे, पण हळहळीवर भागवलेले नाही. मधली दीडदोनशे वर्षे मात्र युद्धाचे शास्त्र आपल्या हातून गेले. इंग्रजाने आपल्याला शिपाई केले, सुभेदार केले. युद्ध का करावे, कोठे करावे आणि केव्हा टाळावे, याचा निर्णय त्याने स्वतःकडे ठेवला.

स्वातंत्र्यानंतरही ही सवय चटकन सुटली नाही. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. त्याच वर्षी खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली. एकाच गावाच्या दोन टोकांना दोन विद्यापीठे जन्माला आली म्हणा ना! एकात शास्त्रे आणि भाषा, दुसऱ्यात शस्त्रे आणि कवायत. दोहोंमध्ये एक अदृश्य भिंत होती. सैनिकाने बोलायचे नाही आणि पंडिताने विचारायचे नाही, असा अलिखित करारच जणू झाला होता.

ती भिंत हादरली १९६२ साली. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला तेव्हा दिवाळी अवघ्या आठवड्यावर आली होती. त्या वर्षीच्या पणत्या पेटल्या, पण मने काळवंडलेली होती. महिन्याभरात, २१ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री म्हणून शपथबद्ध झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या वेळी घरोघर म्हटले गेले. चव्हाणांच्या वाट्याला आलेले पहिले काम होते ते पराभवाचा हिशेब मांडण्याचे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी केली. तिच्या निष्कर्षांविषयी चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन केले. मूळ अहवाल मात्र सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. फिरंगोजीचा बुरूज कसा उडाला हे आपण साडेतीनशे वर्षांनंतर सांगू शकतो. १९६२ च्या बुरुजाविषयीचा सरकारी कागद अजून कुलपात आहे.

तथापि त्या धक्क्याने विद्यापीठे जागी झाली, हे खरे. महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली आणि काही वर्षे मुलांनी उन्हात कवायत केली. ती सक्ती १९६८ साली गेली. टिकले ते दुसरे काम. पुणे विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्या वेळी महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार होते. साठीच्या त्याच दशकात विद्यापीठात सैनिकी अभ्यासाचा विभाग उभा राहिला आणि पुढे तो संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग झाला. दिल्लीत ११ नोव्हेंबर १९६५ ला संरक्षणविषयक अभ्यासाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा संरक्षणमंत्री चव्हाणच होते. त्यांचे नाव पुढे पुणे विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण विश्लेषणाच्या राष्ट्रीय केंद्राला देण्यात आले, ते उचितच झाले. हे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते.

अशा केंद्रात चालते तरी काय, असे एखाद्या गृहिणीने विचारले तर तिला साधे उत्तर देता येईल. तेथे बंदुका नसतात. तेथे नकाशे असतात, आकडे असतात, जुने करार असतात आणि वाद घालणारी माणसे असतात. शेजारच्या देशाचे सैन्य कोठे वाढते आहे, नदीच्या पाण्यावरून भांडण कोठवर जाईल, समुद्रातून तेल आणणारी जहाजे कोणत्या अरुंद वाटेने येतात, सीमेवरच्या गावातली माणसे गाव सोडून का जातात, संगणकात शिरून वीजघर बंद पाडता येईल काय, असे प्रश्न तेथे घेतले जातात. परिसंवाद होतात, प्रबंध लिहिले जातात. लष्करप्रमुखपदी असतानाच नोव्हेंबर १९९४ मध्ये निवर्तलेले जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या स्मरणार्थ विद्यापीठात व्याख्याने होत आली आहेत. त्या सभागृहात निवृत्त सेनाधिकारी आणि विशीतली मुले समोरासमोर बसतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मघाशी म्हटलेली अदृश्य भिंत तेवढ्या वेळापुरती तरी खाली येते.

आणि मुलांना यात पुढे वाव किती? संरक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेता येते, पीएच.डी. करता येते. प्राध्यापकीसाठी जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा असते, तिच्यात हा स्वतंत्र विषय आहे. सेनादलांत, परराष्ट्र खात्यात, प्रशासनात आणि वृत्तपत्रांत जाऊ इच्छिणाऱ्यांना ही शिदोरी उपयोगी पडते. मुलींनीही हा विषय आपला मानावा असे दिवस आले आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, बाहेर पडली.

आता पुन्हा चाकणच्या पट्ट्याकडे येऊ. कारण संरक्षणाचा अभ्यास म्हणजे दूरच्या सीमांचा अभ्यास, असा एक गैरसमज आहे. दिघीला लष्करी पूल आणि यंत्रसामग्री यांवर संशोधन करणारी संस्था १९६२ पासून काम करते आहे. नदीनाल्यांवर झटपट टाकता येणारा सर्वत्र नावाचा पूल तिथलाच. शेजारी तळेगावच्या कारखान्यात पिनाक अग्निबाणांचे प्रक्षेपक तयार होतात. दिघीलाच जवानांच्या मुलांसाठी १९९४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. ही झाली उघड दिसणारी बाजू.

न दिसणारी बाजू पिंपरीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी देशी पेनिसिलीन बाहेर पडू लागले. त्या औषधाने किती घरांतली माणसे वाचली असतील! पण पुढे चीनचा स्वस्त माल आला. मूळ पेनिसिलीन येथे करण्यापेक्षा विकत आणणे परवडू लागले. व्यापाऱ्याच्या वहीत हा नफाच होता. एकेक करीत देशातले ते उत्पादन बंद पडले. २०२० साली रोगाची साथ आणि गलवानचा रक्तपात एकाच उन्हाळ्यात आले, तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की, आपल्या औषधाची किल्ली ज्याच्याशी सीमेवर झगडा, त्याच्याच कनवटीला आहे. मग ते उत्पादन पुन्हा देशात सुरू व्हावे म्हणून सरकारने अनुदानाची योजना काढली.

चाकणच्या वेढ्यात मोगलांचे भुयार जमिनीखालून आले, आणि बुरूज उडेपर्यंत त्याचा थांग लागला नाही. पेनिसिलीनचे भुयारही असेच वीसएक वर्षे खणले जात होते. फरक एवढाच की, या वेळी ते कोणी चोरून खणले नव्हते. आयातीचे आकडे दर वर्षी छापून येत होते. ते वाचून धोक्याची घंटा वाजवायला माणूस हवा होता. विद्यापीठातील सुरक्षा केंद्राचे काम नेमके हेच आहे. शिबंदीत लढणारे पुष्कळ असतात, पण कानाला जमीन लावून बसणारा एखादा तरी लागतो.

काही सज्जन विचारतात की, विद्येच्या मंदिरात युद्धाचा विषय कशाला? त्यांची कळकळ खरी आहे. पण वैद्य रोगाचा अभ्यास करतो म्हणून तो रोगाचा कैवारी ठरत नाही. युद्धाचा खर्च, त्यातली हानी आणि ते टाळण्याच्या वाटा ज्याने बारकाईने पाहिल्या आहेत, तो युद्धाच्या गर्जना सहसा करीत नाही. गर्जना करतात ते बहुधा न वाचलेले लोक. मात्र या अभ्यासाला एक अट आहे. कागद खुले हवेत. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये असे धोरण ठरविले की, युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावेत आणि दप्तरे साधारणतः पंचवीस वर्षांनी खुली करावीत. ते धोरण मनापासून पाळले गेले, तर आपल्या विद्यार्थ्यांना परक्या देशांतील ग्रंथांवरून आपल्याच लढाया शिकण्याची पाळी येणार नाही.

या दिवाळीतही घरोघरी मुले मातीचे किल्ले करतील. कोणी रायगड करील, कोणी प्रतापगड. चाकण मात्र सहसा कोणी करीत नाही, कारण त्याला उंची नाही. यंदा एखाद्या घरी संग्रामदुर्ग करून पाहावा. सपाट जागा घ्यावी, खंदक खणावा, त्यात पाणी सोडावे, आणि मग मुलांना विचारावे, भुयार कोणत्या बाजूने येईल? मुले नक्कीच भांडतील, बोटाने माती उकरून दाखवतील, कागदावर आकृत्या काढतील. त्यांना भांडू द्यावे. फराळाचे ताट थोडे उशिरा मांडले तरी चालेल.